पोच द्या, पोच!

रोजगार हमीचं काम मागायला आलेल्या मजुराला 'अर्ज ठेवून जा, काम निघालं की कळवतो' असं सांगून वाटेला लावणं आता तरी थांबवा! नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून दिला की तारखेची पोच त्याच जागी, त्याच दिवशी द्यायची असते. तो उपकार नाही, हक्क आहे. 1977 साली ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तिथे हे अजून सांगावं लागतं याची चीड येते.

आणि पोच का टाळतात ते उघड आहे. मागणीपासून 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारभत्ता लागू होतो. पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. म्हणून अर्ज कपाटात पडून राहतो. काम मंजूर झालं, हजेरीपत्रक काढायची वेळ आली, की मगच संगणकावर मागणीची नोंद होते, तीही त्या वेळच्या तारखेने. झालं! कागदावर उशीर शून्य, भत्ता शून्य, आणि बाई महिनाभर घरी बसलेली.

तेव्हा अर्ज एकट्याने नको, दहा-पंधरा जणांनी मिळून द्या. दोन प्रती करा. प्रत्येकाचा जॉबकार्ड (रोजगार हमीत नोंद असल्याचं कार्ड) क्रमांक, काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहा. तारीख कोरी सोडू नका, नंतर कुणीही भरतं. ग्रामसेवक घेत नसेल तर थेट तहसील कार्यालयात द्या. शिक्का, सही आणि तारीख हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.