नापास झालात, तर काय कराल?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात एसवायबीएस्सीच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. अभ्यासात आपटी खाल्ली की मुलं कितपत सावरतात, ते मोजायला. (तीही नाव-रोल नंबरसकट! मग कोण खरं लिहिणार?)

प्रश्नावली वाईट नाही. सॅलफर्ड विद्यापीठातल्या सायमन कॅसिडी यांनी २०१६ साली मांडलेली, ३० विधानांची. 'तू चिकाटीचा आहेस का?' असं ती थेट विचारत नाही, हे मला पटलं. आधी एक प्रसंग देते. तुम्ही एका असाइनमेंटमध्ये नापास झालात, आधीच्या दोनमध्येही कमी मार्क होते. शिक्षकांचा शेरा कडक आहे, पण काय सुधारायचं तेही त्यांनी लिहिलंय. आता तुम्ही काय कराल? शेऱ्याचा उपयोग कराल, मदत मागाल, की नाद सोडाल? प्रत्येक विधानापुढे १ ते ५.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, शेरा कुठे असतो?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण पोरगं खरं बोललं होतं. आमच्याकडे विद्यापीठाच्या पेपरात विषय राहून एटीकेटी लागली की हातात फक्त आकडा येतो. कुठे चुकलं ते बघायचं तर उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज, त्याची फी. मग रिव्हॅल्युएशन, त्याची वेगळी फी. तो निकाल लागेपर्यंत पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख येते, म्हणून पोरं दोन्हीकडे पैसे भरून बसतात. ज्या शेऱ्यावर सगळी मोजणी उभी आहे, तोच इथे नाही. मग आपण मोजलं काय?

'शिक्षकांची मदत घेईन' या विधानाला बऱ्याच जणांनी नकार दिलाय. त्यांच्यासाठी आता व्याख्यान ठेवायचं चाललंय, 'अपयशातून यशाकडे' छाप. अहो, पण मदत मागायची कोणाकडे? माझ्यासारखे सीएचबीवाले तासाच्या पैशावर शिकवतात आणि तास संपला की दुसऱ्या कॉलेजला पळतात. त्यात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला शंका असते, पण ती इंग्रजीत कशी मांडायची, इथेच गाडी अडते.

नकार देणाऱ्यांतल्याच एकानं परवा मला एसटी स्टँडवर गाठलं. "सर, मराठीत विचारलं तर चालेल?" गाडीला वीस मिनिटं होती. एन्ट्रॉपी म्हणजे काय, ते तिथेच बाकावर त्याच्या वहीत काढून दाखवलं. युट्यूबवरचे तीन व्हिडिओ बघून, सीनियरच्या नोट्स वाचून झाल्यावर तो माझ्याकडे आला होता.

कॉलेजच्या फाइलमध्ये त्याच्या नावापुढे 'मदत मागत नाही' असं आहे.