म्हणे एसक्यूएलला जवळचा रस्ता सापडत नाही!

"एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरी भाषेत, शॉर्टेस्ट पाथ (सर्वात जवळची वाट) काढता येत नाही. रिकर्सिव्ह क्वेरी वर्तुळात अडकते, जॉइन वाढले की डेटाबेस बसतो, आणि कडांना वजन असेल तर विषयच संपला. नेटवर्क आलं की ग्राफ डेटाबेस घ्या." हा दावा इतका फिरतो की आता तो तपासायच्या भानगडीत कोणी पडत नाही. (नोड म्हणजे जाळ्यातलं ठिकाण, कड म्हणजे दोन नोडांना जोडणारा दुवा, वजन म्हणजे त्या कडेचं अंतर किंवा खर्च. रिकर्सिव्ह क्वेरी म्हणजे मागच्या फेरीच्या उत्तरावर पुन्हा चालणारी क्वेरी, जॉइन म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जुळवणं, आणि ग्राफ डेटाबेस म्हणजे नोड-कडा थेट साठवणारा डेटाबेस.)

"काढता येत नाही": रिकर्सिव्ह क्वेरी १९९९ सालीच एसक्यूएलच्या अधिकृत मानकात आली. पोस्टग्रेस या डेटाबेसने ती २००९ मध्ये घेतली, मायएसक्यूएलने २०१८ मध्ये. एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये तर शॉर्टेस्ट पाथ नावाचं फंक्शनच आहे. हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

"वर्तुळात अडकते": पहारा ठेवला नाही तर अडकतेच. पण आलेल्या वाटेतले नोड एका ॲरेत (यादीत) जपले आणि पुढचा नोड त्यात आधीच असेल तर ती ओळ गाळली, की क्वेरी थांबते. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी सायकल हे वेगळं कलमही आहे.

खरी गोम वेगळीच आहे, आणि दावा करणाऱ्यांना ती दिसलेलीच नाही. एका नोडपासून दोन वाटा फुटतात आणि पुढच्या नोडवर परत मिळतात, असे २० चौकोन एकापुढे एक जोडा. नोड ६१, कडा ८०, सगळ्या पुढच्याच दिशेच्या. वर्तुळ एकही नाही. तरी पहिल्यापासून शेवटच्या नोडपर्यंत वाटा होतात १०,४८,५७६, आणि रिकर्सिव्ह क्वेरी त्या सगळ्या चालून बघते. फेऱ्यांचे निकाल जोडणाऱ्या युनियनने दुबार ओळी गळतात खऱ्या, पण वाटेचा ॲरे सोबत असला की प्रत्येक ओळ वेगळीच ठरते. 'या नोडवर याहून स्वस्तात आधीच पोचलोय' हे तिला कळत नाही, कारण मागच्या सगळ्या फेऱ्यांचं एकत्रित फलित तिला पाहताच येत नाही.

म्हणून ते फलित टेबलातच ठेवायचं. नोड, अंतर आणि आधीचा नोड असे तीन कॉलम. नोड ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोडची एकच ओळ. दर फेरीत, मागच्या फेरीत ज्यांचं अंतर सुधारलं तेवढेच नोड कडांच्या टेबलाशी जॉइन करायचे आणि कमी अंतर मिळालं तरच ओळ बदलायची. वरचं जाळं ४० फेऱ्यांत संपतं. पोस्टग्रेसमध्ये ऑन कॉन्फ्लिक्ट (ओळ आधीच असेल तर ती बदलणारं कलम) वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं: एकाच फेरीत एका नोडवर दोन वाटा आल्या तर 'एकच ओळ दुसऱ्यांदा बदलता येणार नाही' अशी एरर येते. आधी नोडनिहाय किमान अंतराची ओळ निवडा, मग इन्सर्ट करा.

"जॉइन वाढले की डेटाबेस बसतो": कडांच्या टेबलात सुरुवातीच्या नोडवर इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) नसेल तर बसेलच! दर फेरीला अख्खं टेबल वाचायला लावायचं आणि वर दोष जॉइनला द्यायचा, हा कुठला न्याय?

"वजन असेल तर विषय संपला": वरची पद्धत वजनांसहच चालते, ती मुळात बेलमन-फोर्ड हा शॉर्टेस्ट पाथचा जुना अल्गोरिदमच आहे. उणे वजनंही चालतात, जिथे डायक्स्ट्रा हा दुसरा प्रसिद्ध अल्गोरिदम चुकतो. नोडांच्या संख्येइतक्या फेऱ्या होऊनही अंतर घटतच राहिलं, तर उणे वर्तुळ (वजनांची बेरीज उणे येणारं) आहे असं समजून थांबायचं. तयार डायक्स्ट्राच हवा असेल तर पोस्टग्रेसवर पीजीरूटिंग हे एक्स्टेन्शन आहे.

राहिला "ग्राफ डेटाबेस घ्या" हा सल्ला. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसच्या क्वेरी भाषेतलं शॉर्टेस्ट पाथ फंक्शन कडा मोजतं, वजनं नाही. वजनांसाठी तिथेही वेगळी लायब्ररी जोडावी लागते. क्वेरी लिहायला तिथे सुटसुटीत पडते, हे मान्य. आणि अख्ख्या देशाच्या रस्त्यांवर सेकंदाला हजारो मार्ग काढायचे असतील, तर जाळ्यावर आधीच प्रक्रिया करून ते मेमरीत ठेवणारं खास राउटिंग इंजिन लागतं. त्या कामाला टेबलं अपुरी पडतात, तसा साधा ग्राफ डेटाबेसही.