पाण्याची पाळी कोण ठरवतं?

रविवारी पुतणी गावाकडं आलेली. यूपीएससी करतीय, समाजशास्त्र घेतलंय, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत दिवसदिवस बसून असती. जेवताना तिनं नोट्समधली एक शिडी सांगितली, आधी टोळी, मग जमात, मग सरदारकी, मग राज्य. एल्मन सर्व्हिस नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ ला मांडलेली. माणसं वाढली, शेती आली, धान्य शिल्लक पडायला लागलं की एक प्रमुख वर येतो, पुढं राजा, कारकून, फौजफाटा. आणि म्हणाली, काका, म्हणजे माणसं जास्त झाली की कुणीतरी वर बसायलाच लागतंय, व्हय ना?

तेव्हा मी काही बोललो नाही, पण रात्री झोप लागेना, कारण हेच मी रोज ऐकतोय, चहाच्या गाड्यावर, रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी, ग्रुपवर तर सारखंच. लोकांना दांडकंच पाहिजे, एक खमक्या माणूस वर पाहिजे, त्याशिवाय आपली माणसं सुधारत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते आज लिहितोच.

पाण्याच्या बाबतीत तर हे फार ठासून सांगितलं गेलंय. कार्ल विटफोगल म्हणून जर्मन अभ्यासक होता, नाझींच्या छळछावणीतून सुटून पुढं अमेरिकेत गेलेला, त्यानं १९५७ ला मांडलं की मोठ्या नद्यांचं पाणी शेतीला द्यायचं तर हजारो माणसं राबवावी लागतात, हिशेब ठेवावा लागतो, आणि त्यातूनच चीन, इजिप्त, इराक, भारत इथं हुकूमशाही राज्यं उभी राहिली. ऐकायला बरोबर वाटतं. पण इराकमधल्या जुन्या वस्त्या आणि कालवे रॉबर्ट ॲडम्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं तपासले तेव्हा उलटंच दिसलं, आधी गावापुरते छोटे पाट होते, ते गावंच सांभाळायची, मोठे कालवे राज्यं उभी राहिल्यावर आले.

मला मात्र हे इराकच्या आधी आमच्या रानात कळलंय. भोगावतीवरून आमच्या गावची पाणीपुरवठा संस्था आहे, दीडेकशे खातेदार. मी नववीत असेन, फेब्रुवारीची रात्र, दोनची पाळी आमची, आबांच्या मागं बॅटरी घेऊन मी बांधावरून चाललोय आणि पाटाला पाणीच नाही. वर जाऊन बघतोय तर एकानं मधेच पाट फोडून आपल्या उसाच्या सरीत पाणी घेतलेलं. पाळीप्रमाणं पाणी सोडणारे पाटकरी मामा आमच्या आधी तिथं पोचलेले, गुडघाभर पाण्यात उभे, हातानं चिखल आणि गवताची ढेकळं लावून फोडलेली जागा बुजवत होते. तो माणूस काठावर उभा, त्याची जमीन आमच्या दुप्पट, भावकी मोठी. मामा मान वर न करता म्हणाले, "तुझं पाणी पहाटं चारला, आत्ता त्येंचं हाय." बास. ना शिवी, ना आवाज. तो गेला निघून.

आमच्याकडं रीत अशी की पहिल्यांदा केलं तर संस्थेत बसवून चार माणसात समज द्यायची, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा त्याची एक पाळी बंद. पाटकऱ्याचा पगार आमच्या पाणीपट्टीतनं जातो, त्यामुळं त्यानं कुणाकडं कानाडोळा केला तर दुसऱ्या दिवशी सगळे विचारणार. हे नियम कुणी वरनं पाठवलेले नाहीत, भांडून भांडून माझ्या आजोबांच्या पिढीनं ठरवले आणि दर काही वर्षांनी सभेत बदलले.

हे मी पुतणीला सांगितलं तर ती उडालीच, म्हणाली काका हे तर ऑस्ट्रॉम. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणारी पहिली बाई. १९६८ ला गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की कुरण सगळ्यांचं असलं की जो तो एक जनावर जास्त सोडतो आणि शेवटी कुरणच संपतं, म्हणून एकतर सरकार पाहिजे नाहीतर खाजगी मालकी. बाईंनी जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारी, पाटपाणी बघून दाखवलं की तसं होतंच असं नाही, जिथं वापरणारेच नियम करतात, राखणदार त्यांनाच बांधील असतो, शिक्षा थोडीथोडी वाढत जाती, भांडण जवळच आणि स्वस्तात मिटतं, तिथं ते शेकडो वर्षं चालतं. पुढं हार्डिन यांनी स्वतः मान्य केलं की आपण व्यवस्था नसलेलं कुरण म्हणायला हवं होतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला चर्चच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले आठ पंच बसतात, पाण्याचे वाद तोंडी ऐकतात आणि तिथंच निकाल देतात, अजूनही. आपल्या खानदेशातली, नदीचं पाणी शेतकऱ्यांनीच मिळून वाटून घ्यायची फड पद्धतही याच जातीची.

आता कोल्हापूरचे लोक म्हणणार, राधानगरी धरण कुणी बांधलं मग? बरोबर आहे, शाहू महाराजांनी काम काढलं नसतं आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं नसतं तर आमच्या पाटाला उन्हाळ्यात पाणी आलंच नसतं. दीडशे खातेदार धरण बांधू शकत नाहीत. उपसाबंदी कधी लागणार, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी काढायचे हे एका गावानं ठरवून चालत नाही, आणि २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं तेव्हा आमची संस्था खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय करणार होती? पण धरण बांधणं वेगळं आणि रात्री दोनला पाट कुणाचा हे ठरवणं वेगळं, आणि मोठी व्यवस्था छोट्यांच्या डोक्यावर न बसता त्यांना जोडूनही घेऊ शकती. हे ऑस्ट्रॉम बाईंनीही सांगितलंय.

आणि त्या शिडीबद्दल माझा मोठा राग असा की ती कागदावर राहत नाही. कोण रानटी, कोण सुधारलेला अशी उतरंड एकदा मनात बसली की खालच्या पायरीवरच्यांना हजेरीला उभं करता येतं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. याच कोल्हापुरात महाराजांनी १९१८ ला हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना रोज पाटलापुढं हजर व्हावं लागत होतं त्यांच्यासाठी तो दिवस काय असेल याचा विचार मी नेहमी करतो.

पण मग आमच्या संस्थेचंही बघायला पाहिजे ना. नियम सगळ्यांनी केले म्हणतो आपण, पण सगळे म्हणजे कोण, तर ज्याच्या नावावर रान तो. गुंठाभर जमीन नाही त्या घरांनी आयुष्यभर आमच्या उसाच्या भांगलणी केल्या, पण पाण्याच्या सभेत त्यांना बोलायचा अधिकार नाही. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथं पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. आमच्या भागात ऊस लावू नका म्हणायची माझीही छाती नाही, पण माणशी वाटा हे ऐकून तरी घ्या.

जेवण झाल्यावर पुतणीनं संस्थेची वही बघायला मागितली. सेक्रेटरींकडनं आणली, ती सोप्यात बसून पानं उलटत बायकांची नावं मोजत होती. अकरा निघाली, अकराही विधवा. आई दारात लसूण सोलत बसलेली, तिनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "माझं बी हाय की त्यात, आबा गेल्यावर लावलंय."

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात मारुतीच्या देवळात आहे. बायकांना नवऱ्याच्या हयातीतच सहसभासद करायचं, आणि भूमिहीन घरांना सभेत बसून बोलू द्यायचं, असे दोन विषय मी लेखी दिलेत. माझ्या बाजूनं आत्ता तरी चारच जण आहेत. गावातल्या ज्यांनी हे वाचलं त्यांनी सभेला या, विरोध असला तरी या. पुतणी येणारच आहे.