वजनाचा आकडा मोठ्याने का वाचायचा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोन वेळा वाचली. जाहिराती, चित्रपट आणि समाजमाध्यमे मुलामुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी नावड निर्माण करतात आणि त्यावर शाळेत, वस्तीत, घरात काम व्हायला हवे, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. सौंदर्याचे मापदंड प्रत्येक काळात होतेच, मग माध्यमांना वेगळा दोष का द्यायचा, हा पहिला. ‘आहात तसे छान आहात’ असे सांगत राहिल्यास लठ्ठपणाकडे दुर्लक्ष होईल, हा दुसरा. आणि घरातली माणसे वजनावरून बोलतात ती काळजीपोटी, हा तिसरा. पहिल्या आक्षेपाचा काही भाग मला मान्य आहे. तिसऱ्याबद्दल मात्र मला बरेच बोलायचे आहे.

मापदंड पूर्वीही होते, हे खरेच आहे. बदलले आहे ते तुलनेचे माणूस. माणूस स्वतःला आसपासच्या माणसांशी ताडून पाहतो, असा सिद्धान्त लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडला. त्या काळी ‘आसपास’ म्हणजे शेजारपाजार, नातेवाईक, वर्गातली मुले; त्यांत सर्व अंगकाठीची आणि सर्व वर्णांची माणसे असायची. आज मुलगी सकाळी डोळे उघडताच ज्यांच्याशी स्वतःला ताडते ते चेहरे निवडलेले, प्रकाश साधून टिपलेले आणि नंतर दुरुस्त केलेले असतात. त्यात तिच्या मैत्रिणींचे चेहरे असतात आणि फिल्टर लावलेला तिचा स्वतःचाही असतो. आरशातली ती आणि फोनमधली ती यांच्यातच स्पर्धा लागते. अशी स्पर्धा आपल्या आजीच्या वाट्याला आली नव्हती.

याचा एक ठोस दाखला फिजीतला आहे. तिथल्या नाद्रोगा प्रांतात भरल्या अंगाचे कौतुक होते आणि दूरचित्रवाणी पोहोचली ती 1995 मध्ये. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढतो, असे पहिल्या पाहणीत एकीनेही सांगितले नव्हते. तीन वर्षांनी 11.3 टक्के मुलींनी ते सांगितले. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि प्रत्येक गट साठ-पासष्ट जणींचाच होता, त्यामुळे एवढ्या एका पाहणीवर सगळी इमारत उभी करता येणार नाही. पण ‘असे आधीपासूनच होते’ या उत्तरावर तीमुळे प्रश्नचिन्ह नक्कीच लागते. मुलगे यातून सुटलेले आहेत असेही समजू नये. पीळदार असूनही स्वतःला किडकिडीत समजणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचे वर्णन हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्येच केले होते.

माझ्या लेखात चूक झाली ती अशी की सगळा दोष मी पडद्याच्या माथी मारला. पडद्यावरचे माप घरात शिरते, आणि मग ते आपल्याच तोंडून बाहेर पडते. इथेच आपला तिसरा आक्षेप येतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या आरोग्य तपासणीत मी मदतीला गेले होते. वजनकाटा वर्गाच्या दारातच ठेवला होता आणि रांग व्हरांड्यात होती. एक शिक्षिका काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत होत्या आणि दुसऱ्या तो नोंदवहीत लिहीत होत्या. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने आधी बूट काढून भिंतीशी ठेवले, मग मनगटावरचे घड्याळ काढले, मग केसांतल्या पिना एकेक करून मुठीत घेतल्या. काट्यापाशी पोहोचल्यावर मुठीतल्या पिनांचेही वजन होईल हे तिच्या लक्षात आले असावे, कारण वळून तिने त्या मागच्या मैत्रिणीच्या हातात दिल्या. आकडा वाचला गेला, रांगेतून कुणीतरी तो पुन्हा उच्चारला, दोन-चार जण हसले. बाईंनी लगेच दटावले आणि पुढचे नाव घेतले. मधल्या सुट्टीत त्या मुलीने डबा उघडला नाही.

त्या बाईंच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांना पुढच्या तासाच्या आत साठ मुले संपवायची होती. हेतू चांगला असतो, हे आपले म्हणणे मी म्हणूनच नाकारत नाही. पण शब्द जिव्हारी लागतो तेव्हा त्याच्यासोबत हेतू पोहोचत नाही, आणि ज्या वयात शरीर दर काही महिन्यांनी बदलते त्या वयात तर मुळीच पोहोचत नाही.

आता आरोग्याचे. वजनावरून नावे ठेवल्याने वजन घटते, हा समज टिकून आहे. अभ्यासांतून मात्र बहुतांशी उलटेच दिसते. वजनावरून टोमणे खाल्लेली मुले पुढे व्यायाम टाळतात, चोरून खातात, आणि मोठेपणी त्यांतले अनेक जण पुन्हा बोलणी खावी लागतील या भीतीने डॉक्टरांकडे जाणेही लांबणीवर टाकतात. ज्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या, आकड्यावरून आपण माणसांना बरे-वाईट ठरवतो त्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकातले बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांचे आहे. त्यांना लोकसमूहातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एकेका माणसाचे आरोग्य तपासणे हा त्यांचा उद्देश नव्हता. रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, दम लागणे यांबद्दल बोलावे, अवश्य बोलावे. शरीराविषयी आपुलकी असणे म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष करणे नव्हे. ज्याची लाज वाटते त्याची निगा राखावीशी वाटत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्याने हे सुटेल का, असे आपण विचारले आहे. एकट्या कायद्याने नाही. जाहिरातीतील मॉडेलची अंगकाठी संगणकावर बदलली असल्यास तसे छापण्याची सक्ती फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून आहे, आणि तशाच प्रकारचा नियम नॉर्वेने जुलै 2022 पासून लागू केला. मला दोन्हींचे स्वागत करावेसे वाटते, परंतु अशी सूचना वाचून पाहणाऱ्याची खंत कमी होत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत आढळले आहे. चित्र खोटे आहे हे मुलीला कळते, आणि तरीही तसेच दिसावेसे वाटते.

उपयोग होताना दिसतो तो वेगळ्या वाटेने. एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या एका कार्यक्रमात मुलींना उपदेश केला जात नाही. त्या लहान गटात बसतात आणि त्या ठरीव सौंदर्याची किंमत काय मोजावी लागते, कुणाला मोजावी लागते, त्यातून पैसा कोण कमावते, हे स्वतःच्या तोंडाने मांडतात. स्वतः उच्चारलेला युक्तिवाद मनात मुरतो, ऐकलेला ओसरतो. अनेक चाचण्यांत या पद्धतीने शरीराविषयीची नाराजी घटली आहे, आणि मैत्रिणीच एकमेकींचे गट चालवतात तेव्हाही ती उपयोगी पडली आहे. यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक खोली, आठ-दहा मुली आणि मध्ये न बोलणारे एक मोठे माणूस एवढे पुरते. हे शेवटचे मिळणे सर्वांत अवघड आहे, असा माझा अनुभव आहे.

‘मग मी माझ्या मुलीला काही बोलूच नये का?’ असे आपण शेवटी विचारले आहे. बोलावे. जिना चढताना तिला दम लागत असेल तर दमाबद्दल विचारावे आणि संध्याकाळी तिच्याबरोबर स्वतःही चालायला निघावे. शंका असेल तर डॉक्टरांशी बोलावे, पाहुण्यांसमोर नाही. ती ऐकत असताना स्वतःच्या पोटाला किंवा रंगालाही नावे ठेवू नयेत. त्या शाळेतही नंतर एवढेच बदलले. काटा पडद्यामागे गेला, त्याची तबकडी भिंतीकडे वळवली गेली, आणि आकडा आता कुणी वाचत नाही, लिहिणाऱ्या बाई तो स्वतः वाकून पाहतात.