तीन हजार वॉट म्हणे! आणि फ्यूज कितीचा?

गाडीत लावायच्या अँप्लिफायरच्या, म्हणजे अँपच्या, खोक्यावर सोनेरी अक्षरांत ३००० वॉट, चार चॅनेल (म्हणजे चार स्पीकरची सोय), किंमत साडेतीन हजार. रुपयाला जवळजवळ एक वॉट! इतकी स्वस्ताई तर महावितरणलाही जमली नाही.

३००० वॉट म्हणजे किती, याचा काही अंदाज? बाथरूममधला छोटा इन्स्टंट गीझर ३००० वॉटचा असतो. त्याला वेगळी जाड वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, तेही २३० व्होल्टवर. तेवढीच पॉवर गाडीच्या १४.४ व्होल्टवर काढायची तर २०८ अँपिअर लागतील, आणि तेही अँप अजिबात गरम होत नाही असं धरलं तर. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा. त्यातूनच हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपर चालवायचे.

म्हणून खोकं ठेवा बाजूला आणि अँप फिरवून बघा. पॉवरची वायर जोडतात तिथेच रंगीत प्लास्टिकचा फ्यूज असतो. पिवळा, त्यावर २० छापलेलं. वीस गुणिले १४.४, म्हणजे २८८ वॉट. हे आत जाणारे, बाहेर येणारे नव्हेत. क्लास एबीचं, म्हणजे जास्त तापणाऱ्या जातीचं अँप असेल तर त्यातले निम्म्याच्या आसपास उष्णतेत जातात. हातात दीडशे उरले, चार चॅनेलला वाटले की प्रत्येकी जेमतेम चाळीस. कमी तापणारं क्लास डी असेल तर एकूण सव्वादोनशेपर्यंत. फ्यूजचं गणित अंदाजाचंच असतं, मान्य. पण इथे चूक पाच-दहा टक्क्यांची नाही, दहा-वीस पटींची आहे. आणि कुणी ‘फ्यूज मोठा टाका ना’ म्हणालं तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. फ्यूज मोठा केल्याने पॉवर वाढत नाही, वायर जळते.

पूर्वी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली पॉवर छापायचे, आता ‘मॅक्स’ छापतात. नाव बदललं, थाप तीच. स्पीकरला सतत मिळणारी पॉवर म्हणजे आरएमएस. बाकी आकडे लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखे, छापायचे म्हणून छापलेले.

डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर लिहिलेलं ‘५० वॉट गुणिले ४’ तर याहून बेरकी, कारण त्यात धडधडीत खोटंही नाही. आतल्या चिपला १४.४ व्होल्टच मिळतात. त्यावर ४ ओमच्या स्पीकरला (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे न फाटलेली गोलसर लाट द्यायची तर हिशेबाने २६ वॉट निघतात, प्रत्यक्षात १८ ते २२. मग ५० आले कुठून? १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, बरोबर ५२. म्हणजे आवाज इतका फाडायचा की लाटेची वरची-खालची टोकं सपाट होऊन चौकोनी वेव्ह उरेल. त्या फाटक्या आवाजाची पॉवर खोक्यावर छापतात! मागे फ्यूज १० अँपिअरचा, आत जातात १४४ वॉट आणि बाहेर येणार म्हणे २००.

मोजायची पद्धत नाही असंही नाही. अमेरिकेत २००३ पासून सीईए-२००६ हे मानक आहे, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. १४.४ व्होल्ट, ४ ओम, आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) एक टक्क्याच्या आत, मग जो आकडा येईल तो छापा. पण ते ऐच्छिक आहे. ज्याचं अँप खरं, तो छापतो. बाकीचे ज्वाळा आणि कवट्या छापतात.

ओमची बनवाबनवी वेगळीच. ‘१००० वॉट आरएमएस’ वाचून खूश व्हायचं आणि खाली बारीक अक्षरांत ‘१ ओमवर’. तेच अँप ४ ओमला साडेतीनशेच्या आसपास येतं. तुमचा वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, ४-४ ओमच्या दोन कॉइलचा असेल तर पॅरलल जोडून २ ओम होतात, सीरिजमध्ये ८. अशा एका वूफरवर १ ओम कसाही जोडला तरी होणार नाही. मग ते हजार वॉट कुणासाठी? उलट चार चॅनेलच्या अँपला ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडून, २ ओमचा वूफर लावला, तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला १ ओम येतो आणि अँप स्वतःला वाचवायला बंद पडून लाल दिवा लागतो. की लगेच गिऱ्हाईक म्हणतं, ‘पीस खराब आहे’. पीस नाही, जोडणी खराब आहे.

वायरिंग किटची तीच तऱ्हा. रबर जाडजूड, आत केसांएवढ्या तारा, त्याही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या. टोक चाकूने खरवडा, पांढरं दिसलं तर परत करा. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल तर ते वायरिंग नव्हे, वात आहे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अँपवरच्या गेनच्या नॉबवर. तो व्हॉल्यूम नाही हो! स्टिरिओशी लेव्हल जुळवायचा स्क्रू आहे तो. स्पीकर काढा, इक्वलायझर सपाट करा, क्रॉसओव्हर (कमी-जास्त फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) बंद ठेवा, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा शून्य डीबीचा (डेसिबलचा, म्हणजे पूर्ण लेव्हलचा) टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकरच्या टोकांना लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत? आरएमएस वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॉट आणि ४ ओम असेल तर १७.३ व्होल्ट. तिथे थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण फिटिंगवाला स्क्रूड्रायव्हरने नॉब शेवटपर्यंत पिळतो, वर बेस बूस्ट १२ डीबीवर नेतो आणि विचारतो, ‘कसा वाजतोय?’ १२ डीबी म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला सोळापट पॉवर, पंच्याहत्तरचे बाराशे वॉट. ते कुठून येणार, त्या पिवळ्या फ्यूजमधून?