तुकडा न तपासता वृषण का काढतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. गाठीचा तुकडा न तपासताच वृषण काढणे हा रुग्णावर अन्याय आहे आणि वृषणाच्या जननपेशी-अर्बुदांविषयीच्या (म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाविषयीच्या) माझ्या लेखातले ‘१०० पैकी ९५ जण वाचतात’ हे वाक्य खोटी आशा दाखवते, असे आपले दोन आक्षेप आहेत. दुसरा मला बऱ्याच अंशी मान्य आहे, पहिला नाही.

इतर बहुतेक अवयवांत आधी सुईने तुकडा घेतात, म्हणून आपली शंका स्वाभाविकच आहे. परंतु वृषणातली लसीका (ऊतींमधून वाहणारा पातळ द्रव, ज्याच्या वाटेने कर्करोग पसरू शकतो) थेट पोटात, महारोहिणी या मुख्य धमनीलगतच्या ग्रंथींकडे जाते, तर अंडकोशाच्या त्वचेतली जांघेतल्या ग्रंथींकडे. त्या त्वचेतून सुई घातली, तर आजाराला एरवी नसलेली वाट मिळण्याचा धोका असतो. म्हणून जांघेत छेद घेऊन वृषण त्याच्या रज्जूसह (रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनीच्या जुडग्यासह) काढतात. गाठ अगदी लहान असेल किंवा रुग्णाला एकच वृषण असेल, तर निवडक वेळा जांघेतूनच नुसती गाठ काढून ती तिथल्या तिथे तपासतात.

शस्त्रक्रियेआधी काहीच तपासत नाहीत, असेही नाही. सोनोग्राफीत गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर हे दिसते, आणि अशा गाठींमुळे रक्तात वाढू शकणारे एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच हे तीन पदार्थ मोजतात. हे रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच घेतलेले हवे, हे मी ठळकपणे लिहायला हवे होते. एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मे होते. आधी ते ४०० असेल आणि आजार पूर्ण निघाला असेल, तर चार आठवड्यांनी २५ च्या आसपास किंवा त्याखाली यायला हवे. ते २०० वरच अडले, तर आजार कुठेतरी शिल्लक असल्याची दाट शंका येते. पहिला आकडाच हाती नसेल, तर ही उतरण समजणार कशी?

आता ९५ विषयी. हा सर्व टप्प्यांचा एकत्रित आकडा आहे, आणि तो तसा न सांगणे ही माझी चूक होती. आजार वृषणापुरताच असेल, तर बरे होण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या जवळ जाते. पसरलेल्या नॉन-सेमिनोमाच्या (या अर्बुदांच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एकाच्या) सर्वांत प्रतिकूल गटात मात्र पाच वर्षांनी हयात असणारे १९९७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४८ टक्के होते आणि २०२१ च्या फेरमांडणीत ६७. ज्यांचा माणूस उरलेल्या ३३ मध्ये गेला, त्यांना माझे वाक्य किती लागले असेल, याची मला जाणीव आहे. तरीही ही आशा खोटी नाही, कारण १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध येण्यापूर्वी असा पसरलेला आजार झालेले बहुतेक तरुण दगावत असत.

मूळ लेखातले ते वाक्य मी बदलले आहे. तिथे आता गटवार आकडे आहेत, आणि रक्त आधी घेण्याची सूचना पहिल्याच परिच्छेदात आहे.