‘श्यामची आई’ कोणत्या तुरुंगात लिहिली गेली?

साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने ऐकता ऐकताच ‘श्यामची आई’ लिहिली, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. धुळ्यातील प्रवचने २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी झाली. ती गुरुजींनी टिपून घेतली आणि त्यांतूनच पुढे ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ‘श्यामची आई’ मात्र नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू होऊन १३ फेब्रुवारीच्या पहाटे पूर्ण झाली. दोन्ही कामे तुरुंगातली आणि एकाच हातची असल्याने घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

मात्र ‘पाच दिवसांत लिहिली’ यावरून ती तुरुंगवासाच्या आवेगात सुचली, असे समजू नये. गुरुजींच्या आईचा मृत्यू १९१७ मधला, म्हणजे लेखनाच्या पंधरा-सोळा वर्षे आधीचा. त्यामुळे पुस्तकाच्या बेचाळीस रात्रींत, म्हणजे प्रकरणांत, येणारे दारिद्र्य, कर्ज आणि आजारपण हे ताज्या शोकाचे नव्हे, तर दीर्घकाळ मनात मुरलेल्या दुःखाचे चित्रण आहे, आणि माझ्या मते अभ्यासकाने ते तसेच वाचायला हवे.